सगळं आहे, तरी आनंद का नाही?

"बढती मिळाली, घर झालं, मुलं मार्गी लागली. तक्रार करायला जागा नाही, पण आनंदही नाही. माझ्यातच काही कमी आहे का?" पन्नाशीतल्या एका गृहस्थांचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी आधी नैराश्य तपासावं लागतं. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, मरणाचे विचार येतात, असं असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे. यांचं तसं नव्हतं.

त्यांना सवय नडत होती. मिळालेली गोष्ट काही महिन्यांत नेहमीची होऊन जाते. १९७८ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात लॉटरी लागलेले २२ जण इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत. रोजच्या साध्या गोष्टींतली मजा तर त्यांना कमीच वाटत होती. नमुना लहान होता, त्यावर फार भार टाकू नये. पण बढतीनंतरचं वर्ष आठवायला सांगितलं तेव्हा हे गृहस्थ हसले.

मग एक आठवडा वही. दर दोन तासांनी एक ओळ: काय केलं, कोणासोबत, आणि ० ते १० मध्ये दोन गुण, एक 'बरं वाटलं'साठी, दुसरा 'सार्थकी लागलं'साठी. पहिले तीन दिवस त्यांनी रात्री झोपताना एकदमच भरले. तिथेच वही फसते, कारण आठवणीत दिवसाचा शेवट आणि एखादा ठळक क्षणच उरतो. चौथ्या दिवसापासून नोंदी जागच्या जागी झाल्या आणि चित्र पालटलं. संध्याकाळचे दोन तास मोबाइलवर: ३ आणि १. भावाशी वीस मिनिटं फोन: ७ आणि ८. हा फोन आठवड्यात एकदाच झाला होता, तोही भावानेच केलेला.

पुढच्या आठवड्यात काम करण्याआधी अंदाजाचे गुण लिहायचे आणि नंतर खरे. जुन्या मित्राला भेटण्याआधी त्यांनी ३ लिहिले, परतल्यावर ७. कंटाळलेलं मन अंदाज बहुतेकदा खालचा देतं, म्हणून 'इच्छा झाली की करू' म्हणणाऱ्याचं काही होत नाही. वार आणि वेळ आधी ठरवावी लागते.

इथे उत्साहाच्या भरात त्यांनी सहा गोष्टी ठरवल्या: व्यायाम, वाचन, चित्रकला, आणखी काय काय. आम्ही दोनच ठेवल्या. मंगळवारी भावाला फोन. शनिवारी सकाळी मित्रासोबत चाळीस मिनिटं चालणं. शिवाय मोबाइल संध्याकाळी दुसऱ्या खोलीत. मोबाइल हातात ठेवून कमी वापरायचं म्हणणं आमच्या अनुभवात क्वचितच टिकतं.

सहाव्या आठवड्यात त्यांनी विचारलं, वही कायम ठेवू का? नको म्हटलं. 'मी आता सुखी आहे का' असं घडोघडी तपासत बसलं की समोरच्या माणसावरचं लक्ष उडतं. महिन्यातून एक आठवडा पुरे. शनिवारचं चालणं मात्र पाऊस असला तरी चुकवायचं नाही, छत्री आहे.