पुढच्या ग्राफिक्स कार्डांत एचबीएम येईल की जीडीडीआर७च राहील?

एचबीएम आणि जीडीडीआर७ हे ग्राफिक्स कार्डावरच्या मेमरीचे दोन प्रकार. गेमिंगसाठी विचारत असाल, तर जीडीडीआर७. एचबीएमची वाट पाहण्यात अर्थ नाही.

एचबीएम कमी दर्जाची आहे असं अजिबात नाही. २०१५ मध्ये एएमडीच्या फ्युरी एक्स या कार्डावर ती आली तेव्हा ४०९६ बिटांची बस (मेमरी आणि मुख्य चिप यांच्यातला डेटाचा रस्ता) आणि सेकंदाला ५१२ जीबी वेग होता, पण मेमरी जेमतेम ४ जीबी. चिप्स एकावर एक रचायच्या, त्यांतून उभ्या जोडण्या न्यायच्या आणि तो थर जीपीयूशेजारी (कार्डाच्या मुख्य चिपशेजारी) सिलिकॉनच्या पायावर बसवायचा, हा खर्च गेमिंग कार्डाला झेपत नाही. म्हणूनच २०१९ मध्ये एएमडीच्याच आरएक्स ५७०० कार्डाला जीडीडीआर६ (जीडीडीआर७ची आधीची पिढी) मिळाली. आता तर एआयची सर्व्हर कार्डंच एचबीएमचा मोठा वाटा उचलतात.

जीडीडीआर७ दोनऐवजी तीन पातळ्यांचा सिग्नल वापरते, त्यामुळे एका वेळी जास्त डेटा जातो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० कार्डावर ५१२ बिटांच्या बसमधून सेकंदाला १७९२ जीबी मिळतात, म्हणजे फ्युरी एक्सच्या साडेतीनपट! मला मात्र खरी मोलाची वाटते ती ३ जीबीची चिप. २५६ बिटांच्या कार्डावर आठ चिप्स बसतात; २ जीबीऐवजी ३ जीबीच्या चिप्स लावल्या की बस न रुंदावता १६ जीबीची मेमरी २४ जीबी होते. कार्ड निवडताना वेगाआधी मेमरीचा हा आकडा बघा.