पहिली भाड्याची प्रॉपर्टी घेताय? आधी हे बघा
अरे, दुसऱ्या-तिसऱ्या फ्लॅटचा विचार आत्ताच नको करू, पहिल्याचं गणित नीट मांड. भाडं गुणिले १२ करून खूश होतात सगळे, पण वर्षातला एखादा महिना जागा रिकामी राहणार, मेंटेनन्स, टॅक्स, विमा, रंगकाम, नळ गळती, हे सगळं वजा करून जे उरतं तेच खरं उत्पन्न, आणि ते लोनच्या वर्षभराच्या हप्त्यांच्या निदान सव्वापट तरी असावं, नाहीतर भाडेकरू गेला की हप्ता तुझ्या पगारातून जाणार. मी पहिल्या वेळी हे धरलंच नव्हतं, चार महिने फार ओढाताण झाली.

डील शोधायला त्याच एरियात फिरत राहा, बरेच दिवस न विकलेली जागा किंवा वारसांना लवकर मोकळं व्हायचंय अशी जागा, तिथे भाव खाली येतो. टायटल, म्हणजे मालकीहक्काची कागदपत्रं, मात्र वकिलाकडून तपासूनच घे, यात कंजुषी नको.

लोन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं, असेल तर दर २ टक्क्यांनी वाढला तरी झेपेल का ते बघ. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडले की मगच पुढची जागा.