दात पांढरे करायचेत, पण भीती वाटते

प्रश्न: डॉक्टर, माझं वय २९. दात पिवळट दिसतात म्हणून व्हाइटनिंग करायचंय. एका क्लिनिकमध्ये म्हणाले लाइट लावून तासाभरात होईल, पण मैत्रिणीने असंच केलं तर तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि रात्रभर कळा येत होत्या. माझ्या पुढच्या एका दाताचं रूट कॅनल झालंय, तो काळपट पडलाय, शेजारच्या दातात फिलिंग आहे. करू का?

उत्तर: करा, पण आधी तपासणी. कीड असेल, हिरड्या सुजलेल्या असतील तर आधी ते बरं करायचं, आणि कधीकधी नुसतं क्लीनिंग केलं तरी निम्मा पिवळेपणा जातो कारण तो वरवरचा थर असतो.

मैत्रिणीचं सांगते. क्लिनिकमध्ये दात उजळवायला साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड या रसायनाचं जेल वापरतात, ते हिरडीला लागलं की भाजतं, म्हणून जेल लावायच्या आधी हिरडीवर रेझिनचा (प्लास्टिकसारख्या पदार्थाचा) थर लावून तो लाइटने कडक करायलाच हवा, तो नीट नसेल तर तिथेच थांबवा, संकोच करू नका. थोडं भाजलं तर बहुतेक वेळा काही दिवसांत बरं होतं. कळा येतात कारण पेरॉक्साइड इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) आणि डेंटिन (त्याखालचा थर) पार करून आतल्या नसेपर्यंत पोचतं. ते बहुतेकदा दोन-चार दिवसांत थांबतं.

लाइटचं म्हणाल तर रंग उजळवण्याचं काम जेल करतं, लाइटने शेवटी फारसा फरक पडत नाही, उलट उष्णतेने नस दुखावू शकते. माझ्या मते तुम्ही घरी लावायचा ट्रे घ्या, तुमच्या दातांचं माप घेऊन बनवलेला. त्यात भरायच्या जेलमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असतं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हिशोबात जेमतेम साडेतीन टक्के. ही पद्धत १९८९ पासून वापरात आहे, दोन ते चार आठवडे लागतात पण त्रास कमी. कळ आली तर एक दिवसाआड लावा आणि पोटॅशियम नायट्रेटवाली टूथपेस्ट वापरा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वापरलं तर इनॅमल जात नाही. इनॅमल जातं ते लिंबू चोळण्याने, आणि ते परत येत नाही, म्हणून ते घरगुती उपाय कृपा करून नकोच.

काळपट दात बाहेरून लावून फारसा उजळणार नाही. त्याला आतून ब्लीच करतात, पण रूट कॅनल नीट भरलंय का हे एक्स-रेवर बघून आणि वरून सील करूनच, नाहीतर पुढे मूळ झिजायला लागण्याचा धोका असतो.

फिलिंगचा रंग बदलत नाही. ते बदलायचं असेल तर व्हाइटनिंग संपल्यावर दोन आठवडे थांबा, लगेच केलं तर नवीन फिलिंग नीट चिकटत नाही. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर सध्या सगळंच पुढे ढकला.