पैलवान, नोटीस सतरा डिसेंबरच्या आत पोहोचू द्या

सांगली जिल्ह्यातील एका चोवीस वर्षांच्या पैलवानांचे ३ डिसेंबरचे पत्र माझ्यासमोर आहे. फ्रीस्टाइलमध्ये राष्ट्रीय पदक मिळवल्यावर त्यांनी मुंबईच्या एका कंपनीशी व्यावसायिक कुस्तीचा, म्हणजे दोरांच्या रिंगणात प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी होणाऱ्या कुस्तीचा, तीन वर्षांचा करार केला. पहिले वर्ष बरे गेले, मग कार्यक्रम कमी होत गेले आणि आता सात महिन्यांचे मानधन थकले आहे. त्यांना तालमीत परतायचे आहे, चैत्रातल्या यात्रांची मैदाने करायची आहेत, शिवाय परदेशातील एका कंपनीकडूनही विचारणा झाली आहे. ते विचारतात: कराराच्या १९व्या कलमात मुदत संपल्यानंतरही दोन वर्षे कोठेही कुस्ती करायची नाही असे लिहिले आहे, ते माझ्यावर बंधनकारक आहे का?

हाच प्रश्न मला कबड्डीपटूंनी विचारला आहे, गायकांनी विचारला आहे, मालिकांत नव्याने आलेल्या नटांनी विचारला आहे. उत्तर एका परिच्छेदात संपते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणालाही आपला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक, असतो, आणि करार संपल्यानंतर लागू होणारी बंदी सर्वसाधारणपणे या कलमाखाली टिकत नाही. श्रीरामपूरचे क्रिकेटपटू झहीर खान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितले. त्यांच्या करारात दोन वर्षांची सरळ बंदीसुद्धा नव्हती. मुदत संपल्यावर दुसऱ्याचा प्रस्ताव आला तर तो आधी जुन्या कंपनीपुढे ठेवायचा, एवढीच अट होती, आणि तीही मुदतीनंतर लागू करता येणार नाही असे न्यायालयाने ठरवले. तुमच्या करारातील २०वे कलम जवळपास त्याच अटीसारखे आहे. तेव्हा १९ आणि २० या दोन कलमांसाठी झोप उडवून घेण्याचे कारण मला दिसत नाही.

तुम्ही पत्रात ब्रॉक लेसनर यांचे उदाहरण दिले आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. ते २००० साली अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीचे राष्ट्रीय विजेते झाले, त्याच वर्षी व्यावसायिक कुस्तीत गेले आणि २००४ मध्ये बाहेर पडताना त्यांनी सही केलेल्या कागदात २०१० पर्यंत इतरत्र न लढण्याची अट होती. २००५ मध्ये ते न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये तडजोड झाली. ते प्रकरण वाचून तुम्ही घाबरलात, पण अमेरिकेतील बहुतेक राज्यांत अशी बंदी वाजवी आहे की नाही हे तपासले जाते, तर आपल्या कलम २७ मध्ये मुदतीनंतरच्या बंदीला वाजवीपणाची ती वाटच ठेवलेली नाही. तिकडच्या बातम्यांवरून इकडच्या कराराचा अर्थ लावू नका.

आता ज्या कलमाबद्दल तुम्ही अवाक्षरही लिहिलेले नाही, त्याकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांतील नवव्या पानावर, तळाशी तुमची सही आहे तिच्या बोटभर वर, कलम १४(क) आहे. त्याचा आशय असा की मुदत संपण्यापूर्वी किमान ९० दिवस आधी करार पुढे न चालवण्याची लेखी सूचना दुसऱ्या पक्षाला मिळाली नाही, तर करार त्याच अटींवर आणखी तीन वर्षांसाठी वाढला असे समजले जाईल. तुमचे सारे भवितव्य या साडेतीन ओळींवर अवलंबून आहे. करार संपल्यानंतरची बंदी शून्य असते हे खरे, पण करार चालू असतानाची बंदी हा वेगळा विषय आहे. कल्याणच्या कारखान्यातील गोलिकारी नावाच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच स्पष्ट केले की मुदतीच्या आत दुसरीकडे काम न करण्याची अट, ती अवास्तव वा एकतर्फी नसेल तर, व्यवसायबंदी ठरत नाही आणि तिच्यासाठी मनाईहुकूमही मिळू शकतो. म्हणजे नोटीस वेळेत गेली तर तुम्ही एप्रिलपासून मोकळे. नाही गेली तर तुम्ही सत्ताविसाव्या वर्षापर्यंत अडकलेले, आणि मग १९व्या कलमाची चर्चा करायलाही कोणी येणार नाही. हे कलम तुम्ही सही करताना वाचले नाही, ते एक वेळ समजू शकतो. वस्ताद सोबत होते, समोर कॅमेरे होते, दोन लाखांचा धनादेश टेबलावर होता. पण गेली तीन वर्षे कराराची प्रत घरात असताना ती एकदाही कोणाला वाचायला दिली नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. खुराकाचा हिशेब तुम्ही बदामापर्यंत ठेवता. सतरा पानांसाठी एक संध्याकाळ काढली असती तर आज ही धावपळ झाली नसती.

तारखेचा हिशेब नीट समजून घ्या. कलम २ नुसार करार १ एप्रिलपासून सुरू झाला, म्हणजे तो येत्या ३१ मार्चला संपतो, आणि फेब्रुवारीचे २८ दिवस धरले तर त्याच्या ९० दिवस आधीची तारीख ३१ डिसेंबर येते. परंतु मुद्रांक कागद १८ मार्चचा आहे, सहीच्या शेजारी तारखेची जागा रिकामी सोडलेली आहे, आणि उद्या कंपनीने मुदत १८ मार्चपासून मोजली तर करार १७ मार्चला संपेल आणि शेवटचा दिवस १७ डिसेंबर ठरेल. ही मोजणी चूक आहे असे मी ठामपणे मांडू शकतो, पण तो युक्तिवाद करण्याची वेळच कशाला येऊ द्यायची? शिवाय ‘किमान ९० दिवस’ या शब्दांत पहिला आणि शेवटचा दिवस धरायचा की नाही यावरही वाद घालता येतो. म्हणून १२ डिसेंबरपर्यंत नोटीस त्यांच्या हाती पडेल असेच चाला. हे उत्तर मी तुम्हाला आधीच स्वतंत्रपणे कळवले आहे. येथे लिहितो आहे ते असाच करार कपाटात ठेवून बसलेल्या इतरांसाठी.

तुम्ही म्हणता की नोटीस आधीच दिली आहे, कारण ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या व्यवस्थापकांना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेश पाठवून ‘मला आता पुढं जमायचं नाही’ असे कळवले आणि त्यांनी अंगठ्याची खूण पाठवली. तो संदेश पुसू नका, फोनही बदलू नका. कधी गरज पडली तर योग्य प्रमाणपत्रासह तो पुरावा म्हणून मांडता येईल. पण त्याच्या भरवशावर राहू नका. कलम २३ मध्ये सूचना लेखी असावी आणि कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवावी असे म्हटले आहे. तुम्ही नेहमी जाता ते अंधेरीचे कार्यालय. करारातील नोंदणीकृत पत्ता ठाण्याचा आहे. नोटीस ठाण्याला गेली पाहिजे, एक प्रत अंधेरीला आणि एक ईमेलने. रजिस्टर पोस्ट ही सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, म्हणून खिडकीवर स्पीड पोस्ट ‘नोंदणी’सह आणि पोचपावतीसह हवे असे स्पष्ट सांगा आणि पावतीवर तसा उल्लेख आहे का ते तिथेच पाहून घ्या. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले तर ते न उघडता जपून ठेवा. बरोबर पत्त्यावर रीतसर पाठवलेले टपाल पोहोचले असे न्यायालय गृहीत धरू शकते आणि घेण्यास नकार देणाऱ्याला त्याचा फायदा सहसा मिळत नाही.

नोटिशीत काय लिहायचे, यापेक्षा काय लिहायचे नाही हे अधिक महत्त्वाचे आहे. रागाच्या भरात ‘मी करार रद्द करतो’ असे लिहाल, तर मुदतीपूर्वी करार मोडल्याचा आरोप ओढवून घ्याल आणि करार मोडल्याबद्दल कलम २१ मध्ये लिहिलेली पंचवीस लाखांची भरपाई पुढे येईल. थकलेले मानधन, अपमान, रद्द झालेले कार्यक्रम यांतले काहीही या कागदात नको. एवढाच मजकूर पुरे: ‘आपणांमधील कराराच्या कलम १४(क) नुसार मी याद्वारे सूचना देतो की चालू मुदत संपल्यानंतर सदर करार पुढे चालवण्याची माझी इच्छा नाही; सबब करार मुदतीअखेर संपुष्टात येईल. माझे इतर सर्व हक्क राखून ठेवले आहेत.’ करारावर केली तशीच सही करा.

मार्चअखेरपर्यंत मात्र शिस्त पाळा. कलम ३ मधील ‘कुस्ती’ची व्याख्या माती, मॅट आणि रिंगण या तिन्हींना कवेत घेते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या गावच्या मैदानात नंबरी कुस्ती जोडून घेतलीत तर सात महिने पैसे न देणाऱ्या कंपनीच्या हाती तुम्हीच तक्रार द्याल. तालमीत मेहनत करण्याला, हौद्यात सराव करण्याला माझ्या वाचनात कोठेही मनाई नाही. आणि मुदतीनंतर त्यांच्या एकाही कार्यक्रमात उभे राहू नका. एप्रिलच्या फलकावर तुमचे छायाचित्र छापले असेल तर लेखी हरकत घ्या, कारण वागण्यातूनही करार पुढे चालू ठेवला असे दाखवता येते.

नोटीस चुकलीच तर सारे संपले असे नाही, परंतु पुढची वाट लांब आहे. कायद्याने कोणीही तुम्हाला ओढून रिंगणात उतरवू शकत नाही. व्यक्तीच्या अंगच्या गुणांवर अवलंबून असलेल्या सेवेची सक्तीने अंमलबजावणी होत नाही. दुसरीकडे न लढण्याचा मनाईहुकूम मात्र मागता येतो, आणि तेथे विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ४२ चे परंतुक तुमच्या कामी येईल: मागणाऱ्याने स्वतः आपल्या बाजूचा करार पाळलेला असला पाहिजे. सात महिने मानधन न दिलेली कंपनी तेथे अडखळावी, असे मला वाटते. म्हणून बँकेचे तीन वर्षांचे उतारे आजच काढून ठेवा. पण करारात लवादाचे, म्हणजे वाद पंचाकडे नेण्याचे, कलम असतानाही तातडीचा मनाईहुकूम न्यायालयातून काही दिवसांत मिळू शकतो, आणि तो उठवायला काही वर्षे लागू शकतात, ही आपल्या न्यायव्यवस्थेची मला सर्वात जास्त बोचणारी गोष्ट आहे. झहीर खान यांचा करार ऑक्टोबर २००३ मध्ये संपला आणि अंतिम निकाल मार्च २००६ मध्ये आला. ते जिंकले, पण मधल्या काळात ते भारतीय संघातून खेळत होते. मनाईहुकूम घेऊन घरी बसलेल्या चोवीस वर्षांच्या पैलवानाची अडीच वर्षे कोणतेही न्यायालय परत देत नाही.

बाकीच्या प्रश्नांवर थोडक्यात आणि राखून बोलतो. पंचवीस लाख लिहिले म्हणून पंचवीस लाख द्यावे लागतात असे नाही. करार कायद्याच्या कलम ७४ खाली ती कमाल मर्यादा असते आणि मिळते ती वाजवी भरपाई. करार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर आहे आणि नोंदवलेला नाही म्हणून तो खोटा, हा तुमच्या मित्राचा सल्ला विसरून जा; अशा कराराला नोंदणी लागत नाही आणि मुद्रांक कमी असेल तर तो दंडासह भरून घेता येतो. रिंगणातले नाव कंपनीचे की तुमचे, हे न मिळालेली पाने पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर ते नाव वापरू नका. हौशी स्पर्धांत परत घेतील का, याचे उत्तर संघटनेच्या नियमांत आहे. ऑलिंपिक विजेते अमेरिकी पैलवान गेबल स्टीव्हसन डब्ल्यूडब्ल्यूई या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीचा करार असताना महाविद्यालयीन कुस्ती लढले आणि २०२४ मध्ये तेथून मोकळे झाल्यावर पुन्हा तिकडेच परतले, पण ते तिथल्या नियमांखाली. आपल्याकडे तर २०२३ मध्ये फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. तेव्हा कोणत्या संघटनेकडून परवानगी घेता हे आधी ठरवा आणि जी घ्याल ती लेखी घ्या.

परदेशी कंपनीला आत्ता कोणताही होकार देऊ नका, ईमेलवर ‘आवडेल’ असा एक शब्दही नको. तुमच्या कराराच्या सतरा पानांपैकी अकरा ते तेरा ही पाने तुम्हाला मिळालेलीच नाहीत. त्यांची मागणी करणारे पत्र वेगळे लिहा आणि नोटिशीची पोचपावती हातात आल्यानंतरच पाठवा. पावती आली की तिची दोन्ही बाजूंची प्रत मला पाठवा, शिक्क्यावरची तारीख वाचता येईल अशी.