शत्रू दारात आले तेव्हा यहोशाफाट

विश्वासात नवीन आहेस, आणि संकट आलं की देवाची योजना कुठे गेली असं तुला वाटतं. म्हणून आधी बायबलमधल्या ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाचा अध्याय २० सावकाश वाच.

मवाबी, अम्मोनी आणि सेईर डोंगराकडचे लोक यहूदाच्या राज्यावर चालून आले. बातमी आली तोवर ते मृत समुद्राकाठी एन-गेदीला पोहोचलेही होते. राजा यहोशाफाट घाबरला. शास्त्र ते लपवत नाही, तूही भीती लपवू नकोस. त्याने उपास जाहीर केला आणि बायकामुलांसह उभ्या असलेल्या सगळ्या लोकांसमोर देवाजवळ कबूल केलं की आमच्यात बळ नाही, काय करावं कळत नाही, पण नजर तुझ्याकडे आहे. शब्द सुचत नसतील तेव्हा एवढीच प्रार्थना कर. ती पुरते.

लढाई देवाची आहे, असं मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशातल्या यहजिएलने सांगितलं. तरी घरी बसा असं नाही सांगितलं! दुसऱ्या दिवशी निघून शत्रूसमोर उभं राहायचंच होतं. पहाटे ते तकोवाच्या रानाकडे निघाले, सैन्यापुढे गाणारे. मला या अध्यायात सगळ्यात धीर देणारं हेच वाटतं: स्तुती विजयाच्या आधी सुरू झाली. इकडे गाणं सुरू झालं आणि तिकडे शत्रू आपापसातच कापले गेले. लूट गोळा करायला तीन दिवस लागले.

प्रत्येक संकट असंच एका सकाळीत मिटेल, असं वचन मात्र इथे नाही. तुझ्या वाट्याचं काम करत राहा, मंडळीतल्या कुणाला तरी सोबत प्रार्थनेला बोलव. यहोशाफाटही एकटा उभा नव्हता.