सोर्समधून बसवलेलं गिट एचटीटीपीएसवर का अडतं

तुमची लक्षणं अशी: सोर्समधून बिल्ड केलेलं गिट ‘गिट --व्हर्जन’ला नवा आकडा दाखवतं, कमिट-ब्रँच चालतं, एसएसएचवरून क्लोनही होतं. एचटीटीपीएसचा पत्ता दिला की मात्र ‘अनेबल टू फाइंड रिमोट हेल्पर फॉर एचटीटीपीएस’ म्हणून थांबतं. जुनं, ओळखीचं दुखणं आहे हे. प्रॉक्सी आणि फायरवॉल तपासत बसू नका, विनंती नेटवर्कपर्यंत पोचलेलीच नाही.

कंपायलर, मेक, टारबॉल सोडवणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करा. लिनक्सबद्दलच बोलतोय, मॅकवर पॅकेजांची नावं आणि जागा वेगळ्या.

मुख्य ‘गिट’ प्रोग्रामला एचटीटीपी बोलता येत नाही. ते काम ‘गिट-रिमोट-एचटीटीपीएस’ नावाचा वेगळा प्रोग्राम करतो (एररमधला ‘रिमोट हेल्पर’ तो हाच) आणि तो लिबकर्ल, म्हणजे एचटीटीपी बोलणारी लायब्ररी, असेल तरच बिल्ड होतो. आधी ‘गिट --एक्झेक-पाथ’ चालवा. जी डिरेक्टरी छापली जाईल तिच्यात हा प्रोग्राम आहे का ते बघा. नसेल, तर सोर्सच्या डिरेक्टरीत ‘कॉन्फिग.मॅक.ऑटोजेन’ उघडा आणि ‘नो_कर्ल=येसप्लीज’ ही ओळ शोधा. मेकआधी तुम्ही ‘कॉन्फिगर’ (मशीन तपासून ही फाइल लिहिणारी स्क्रिप्ट) चालवलं असेल, तर ती ओळ बहुतेक सापडेलच.

माझा सगळा राग या ‘कॉन्फिगर’वर आहे. लिबकर्लचं डेव्हलपमेंट पॅकेज नसलं तर ते थांबत नाही. शेकडो ‘चेकिंग फॉर...’ ओळींत एका ओळीपुढे ‘नो’ लिहितं, नो_कर्ल लावून टाकतं आणि पुढे जातं. मग मेक यशस्वी, इन्स्टॉल यशस्वी, आणि हातात येतं ते अर्धं गिट. तेच ‘कॉन्फिगर’ न चालवता थेट ‘मेक’ केलं असतं, तर मेकफाइल कर्ल आहे असं धरूनच चालते आणि ‘कर्ल/कर्ल.एच’ सापडली नाही म्हणून जागीच मोडते. मोडलेलं बरं, निदान काय नाही ते कळतं. गिटला ‘कॉन्फिगर’ची गरजच नाही, ती एक पर्यायी सोय आहे. माझ्या मते ती वापरू नये. काहींना हे पटणार नाही, त्यांनी निदान इन्स्टॉल करण्याआधी ऑटोजेन फाइलमध्ये ‘नो_’ने सुरू होणाऱ्या ओळी वाचाव्यात.

आणि ‘कर्ल तर आहे की मशीनवर’ हे उत्तर चालत नाही. कर्ल ही कमांड वेगळी, लिबकर्लचं डेव्हलपमेंट पॅकेज वेगळं. ‘कर्ल-कॉन्फिग --व्हर्जन’ चाललं तर ते पॅकेज आहे. मशीनचे रूट, म्हणजे ॲडमिनचे, हक्क ज्यांच्या हातात असतात असा एक विभाग मला ठाऊक आहे. तिथून दर तक्रारीला ‘कर्ल इन्स्टॉल्ड आहे, तिकीट बंद’ एवढंच उत्तर येतं. म्हणून मागताना पॅकेजचं नेमकं नाव द्या. डेबियन-उबुंटूवर लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह, लिबएक्सपॅट१-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, गेटटेक्स्ट. रेड हॅटच्या घराण्यात लिबकर्ल-डेव्हल, एक्सपॅट-डेव्हल, झेडलिब-डेव्हल, गेटटेक्स्ट-डेव्हल. झेडलिब टाळता येत नाही. गेटटेक्स्ट (संदेशांच्या भाषांतरासाठी) नको असेल तर ‘नो_गेटटेक्स्ट=येसप्लीज’, गिटके आणि गिट-गुई या खिडक्यांच्या सोयी नको असतील तर ‘नो_टीसीएलटीके=येसप्लीज’.

पॅकेजं आली की ‘मेक क्लीन’ करा. ‘मेक डिस्टक्लीन’ नको: ते ‘कॉन्फिगर’ ही फाइलसुद्धा उडवतं, ती परत बनवायला ऑटोकॉन्फ लागतं. ऑटोजेन फाइल हाताने काढून टाका, नाहीतर जुनं नो_कर्ल नव्या बिल्डमध्येही येईल. मग सोर्सच्या मुळाशी ‘कॉन्फिग.मॅक’ नावाची फाइल करून तिच्यात ‘प्रिफिक्स = /यूएसआर/लोकल’ (गिट बसवायची जागा) आणि हवे ते बाकीचे पर्याय लिहा. ही फाइल ऑटोजेननंतर वाचली जाते, म्हणून तिचा शब्द शेवटचा. पुढे ‘मेक -जे४’, आणि मग सुडोने ‘मेक इन्स्टॉल’.

प्रिफिक्स फाइलमध्ये लिहायला सांगण्यामागे कारण आहे. मेकफाइलमधला मूळ प्रिफिक्स म्हणजे तुमची होम डिरेक्टरी. कमांडवर तो एकदाच दिला आणि इन्स्टॉलच्या वेळी राहिला, तर सुडोमुळे सगळं रूटच्या होममध्ये जाऊ शकतं. हेल्पर शोधण्याची वाटही कंपाइल होतानाच आत लिहिली जाते. त्यामुळे बसवलेली डिरेक्टरी नंतर दुसरीकडे हलवली तरी नेमका हाच एरर येतो. हलवायचीच असेल तर ‘रनटाइम_प्रिफिक्स=येसप्लीज’ देऊन बिल्ड करा. हेल्पर जागेवर असूनही सापडत नसेल तर जुन्या बॅशआरसीत ‘गिट_एक्झेक_पाथ’ कुणी लिहून ठेवलाय का तेही बघा.

लिबकर्ल स्वतः कंपाइल करून भलत्या जागी ठेवलं असेल तर ‘कर्लडिर’ त्या जागेकडे वळवा आणि नंतर ‘एलडीडी’ (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ऱ्या दाखवणारी कमांड) गिट-रिमोट-एचटीटीपीएसवर चालवा, ‘नॉट फाउंड’ दिसता कामा नये. अशा कर्लला सर्टिफिकेटं कुठे आहेत हे ठाऊक नसलं तर ‘लोकल इश्युअर’ची तक्रार येते. तिथे ‘एचटीटीपी.एसएसएलसीएइन्फो’ नीट द्या. एसएसएलव्हेरिफाय, म्हणजे सर्टिफिकेटची तपासणीच, बंद करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, तो घेऊ नका.

प्रिफिक्स बदलला की गिट /ईटीसी/गिटकॉन्फिग वाचणं सोडतं आणि /यूएसआर/लोकल/ईटीसी/गिटकॉन्फिग शोधतं. कंपनीची प्रॉक्सी जुन्या फाइलमध्ये असेल तर हेल्पर सापडूनही क्लोन अडेल, आणि तेव्हा मात्र दोष खरंच नेटवर्कच्या बाजूला दिसेल. बिल्डमध्ये ‘सिसकॉन्फडिर=/ईटीसी’ दिलं की हा प्रश्न मिटतो. कोणती सेटिंग कुठून आली ते ‘गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन’ सांगतं.

बसवून झाल्यावर जुनंच व्हर्जन दिसलं तर ‘हॅश -आर’ करा, शेलला जुनी जागा आठवत असते. टॅब दाबून कमांड पुरी होण्याची सोय ‘मेक इन्स्टॉल’ बसवत नाही, ती फाइल कॉन्ट्रिब/कम्प्लिशनमधून स्वतः उचलावी लागते. मॅन पेजेसही ‘मेक इन्स्टॉल’मध्ये येत नाहीत. ‘मेक इन्स्टॉल-डॉक’ला ॲस्कीडॉक आणि एक्सएमएलटू लागतात, नुसत्या मॅन पेजेससाठी एवढा पसारा मी तरी घालणार नाही.