७९१५ची पहिली पिन शून्यच दाखवणार, ट्रान्सफॉर्मर घेऊ नका

भाऊ, चतुर्थीपासून तुमच्या ५.१ सेटचे पाचही छोटे स्पीकर बंद, सबवूफर नुसता घुमतोय, आणि ७९१५च्या, म्हणजे स्थिर उणे १५ व्होल्ट देणाऱ्या तीन पायांच्या रेग्युलेटर आयसीच्या, पहिल्या पिनवर शून्य व्होल्ट आले म्हणून फोंड्याच्या मेकॅनिकने नवा ट्रान्सफॉर्मर सांगितलाय. कृपा करून थांबा. तिथे शून्यच यायला हवे.

तुमच्याकडे सर्व्हिस मॅन्युअलची जुनी प्रत आहे. तिच्यात ७८१५ (अधिक १५ व्होल्ट देणारा जोडीदार) आणि ७९१५ या दोघांनाही एकच चित्र छापलंय: १ इनपुट, २ ग्राउंड, ३ आउटपुट. ७८१५ला ते बरोबर आहे. ७९१५ मात्र उणे व्होल्टेजचा रेग्युलेटर; त्याची १ ग्राउंड, २ इनपुट, ३ आउटपुट. कंपनीने नंतर एका पानाचं शुद्धिपत्र काढलं, त्यात हे सुधारलंय. माझ्याकडेही हाच सेट आहे. ते पान मिळण्याआधी मी ब्रिज (एसीचं डीसी करणारा डायोडचा संच) बदलला, दोन्ही मोठे कपॅसिटर बदलले, सगळं फुकट गेलं. तुमचे पैसे तरी वाचावेत म्हणून एवढं लिहितोय.

आता मीटरची काळी पिन ग्राउंडला लावून ७९१५ची दुसरी पिन बघा. तिथे उणे २० व्होल्टच्या आसपास काही आलं तर ट्रान्सफॉर्मर, ब्रिज दोन्ही ठीक. मग तिसरी पिन: उणे १५ यायला हवेत. तिथे आले, तर पुढे प्रीअँपच्या (आवाजाचा सिग्नल आधी थोडा वाढवणाऱ्या भागाच्या) आठ पिनी आयसीवर, म्हणजे ४५५८ किंवा टीएल०७२वर, चौथ्या पिनला तेच मिळतात का बघा. आठवीला अधिक १५ असून चौथी कोरडी असेल तर आवाज एक तर फाटतो, नाही तर येतच नाही.

माझ्या सेटमध्ये दुसऱ्या पिनपर्यंत सगळं व्यवस्थित होतं, तिसऱ्या पायाचं सोल्डर तडकलं होतं. सबवूफरच्याच पेटीत बोर्ड, वर जड हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा तुकडा), रोजची थरथर, पाय सुटणारच. भिंगातून बघितल्यावर पायाभोवती बारीक काळी रेघ दिसली. आपल्याकडे पावसाळाभर सेट बंद राहिला तर तांब्यावर हिरवा गंजही चढतो, विशेषतः किनाऱ्यालगतच्या घरांत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासा, जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढा आणि नवं भरा. नुसतं वरून तापवून भागत नाही.

रेग्युलेटर बदलावाच लागला तर मायका वॉशर, म्हणजे वीज अडवणारी पातळ चकती, विसरू नका. ७९१५चा धातूचा पत्रा आतून इनपुटला जोडलेला असतो, ७८१५चा ग्राउंडला. एकाच हीटसिंकवर दोघे उघडे बसवले तर थेट शॉर्ट. हेही त्या शुद्धिपत्रात आहे, जुन्या प्रतीत नाही. पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. तो उजळतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच प्लग काढा. आणि हात घालण्याआधी मोठे कपॅसिटर रेझिस्टरने रिकामे करा, प्लग काढल्यावरही त्यांत चार्ज उरतो.

तिन्ही पिनांचे आकडे कळवा, पुढचं बघू.